कीटकांचे गण आणि त्यांची उत्क्रांती

पहिला पाऊस पडून गेल्यानंतरच्या संध्याकाळी घरात दिवा लावला की त्याच्याभोवती पाहता पाहता किड्यांची दाटी होते. पंख फुटलेली वाळवी, कठीण पाठीचे भुंगेरे, करड्या रंगाचे पतंग, हिरवे तुडतुडे आणि डास या सर्वांना आपण ‘किडे’ या एकाच नावाखाली गोळा करतो आणि झाडून बाहेर टाकतो. वस्तुतः वाळवी आणि डास यांचे पूर्वज एकमेकांपासून विभक्त झाले, ते गाय आणि वटवाघूळ यांचे पूर्वज विभक्त होण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधी. दिव्याखालच्या त्या गर्दीत नात्याने अगदी दूरचे असलेले प्राणी एकत्र आलेले असतात.

कीटकांच्या सुमारे १० लाख जातींना आजवर शास्त्रीय नावे मिळाली आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांची विभागणी सुमारे ३० गणांत केली आहे. हे गण कशाच्या आधारे ठरले, ते कोणत्या क्रमाने उत्क्रांत झाले आणि ही माहिती शेतकऱ्याच्या व गृहस्थाच्या कोणत्या कामी येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कीटक कोणास म्हणावे?

कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात. डोक्यावर शृंगिकांची एक जोडी आणि वक्षाला पायांच्या तीन जोड्या असतात. कोळी आणि विंचू यांना आठ पाय असतात आणि गोमेला त्याहून पुष्कळच अधिक. म्हणून त्यांची गणना कीटकांत होत नाही. कीटकाच्या अंगात हाडे नसतात. शरीरावरील कवच हाच त्याचा सांगाडा होय. परंतु हे कवच एकदा कठीण झाले की वाढत नाही. म्हणून वाढीच्या काळात कीटकाला वेळोवेळी कात टाकावी लागते. वाढीची ही अडचण निरनिराळ्या कीटकांनी निरनिराळ्या रीतीने सोडविली आणि गणागणांतील एक मोठा भेद त्यातूनच निर्माण झाला.

पंखांवरून नामकरण

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ साली कीटकांचे सात गण मांडले. त्यांपैकी सहा गण त्याने पंखांच्या रचनेवरून ठरविले. सातव्या गणात मात्र त्याने सर्व बिनपंखी जीव घातले. त्यात कोळी, विंचू आणि खेकडेसुद्धा होते! ग्रीक भाषेत ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. म्हणून द्विपंखी कीटकांचा गण डिप्टेरा, खवल्यांचे पंख असलेल्यांचा लेपिडोप्टेरा आणि म्यानासारखे पंख असलेल्यांचा कोलिऑप्टेरा झाला. पुढे मुखाची रचना आणि वाढीची रीत या कसोट्यांची त्यात भर पडली. २०१४ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून १,४७८ जनुकांची तुलना केली आणि कीटकांचा वंशवृक्ष नव्याने मांडला. त्यानुसार कीटकांचा उगम सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी झाला.

उत्क्रांतीच्या चार पायऱ्या

पहिल्या पायरीवर पंख नसलेले कीटक येतात. जुन्या पुस्तकांत आणि कपड्यांच्या पेटीत आढळणारी चंदेरी कसर ही त्यांची परिचित प्रतिनिधी आहे. तिची पिल्ले दिसावयास तिच्यासारखीच असतात आणि प्रौढ झाल्यावरही ती जन्मभर कात टाकीत राहते.

दुसरी पायरी पंखांची. पंखांचा उदय सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी झाला, असे वरील वंशवृक्षावरून दिसते. उडणारे सरीसृप अथवा पक्षी जन्माला येण्याच्या फार पूर्वीपासून कीटक आकाशात संचार करीत होते. फ्रान्समधील दगडी कोळशाच्या थरांत मेगॅन्यूरा नावाच्या कीटकाचे जीवाश्म सापडले. चतुराच्या या प्राचीन नातलगाच्या पंखांचा पसारा सुमारे ६५ सेंटिमीटर होता. आजचे चतुर याच पायरीवरचे होत. त्यांचे उड्डाण अप्रतिम असते. परंतु पंख पाठीवर सपाट दुमडून घेणे त्यांना साधत नाही.

तिसऱ्या पायरीवर ते साधले. दिसावयास ही गोष्ट लहान आहे. तथापि दुमडलेले पंख घेऊन कीटकाला झाडाच्या सालीखाली, दगडांच्या फटीत आणि पालापाचोळ्यात शिरता आले. लांब उडीचे मागील पाय असलेले नाकतोडे, टोळ व रातकिडे यांचा ऑर्थोप्टेरा हा गण आणि झुरळांचा गण येथे येतात. वाळवीला पूर्वी स्वतंत्र गण दिलेला होता. परंतु ती लाकूड खाणाऱ्या झुरळांची निकटची आप्त असल्याचे सिद्ध झाल्याने आता तिची गणना झुरळांच्या गणातच होते. ढेकूण, मावा, तुडतुडे आणि लाखेचा किडा यांचा हेमिप्टेरा हा गणही याच पायरीवरचा. त्यांचे मुख सुईसारखे टोचून रस शोषणारे असते. या सर्वांची पिल्ले आईबापांसारखीच दिसतात. उणीव असते ती पंखांची.

चौथी पायरी पूर्ण रूपांतरणाची. अंडे, अळी, कोश आणि प्रौढ अशा चार अवस्था येथे दिसतात. अळीचे काम खाण्याचे आणि वाढण्याचे; प्रौढाचे काम उडण्याचे आणि वंश वाढविण्याचे. पाने खाणारा सुरवंट आणि मध पिणारे फुलपाखरू यांच्यात अन्नासाठी स्पर्धा उरत नाही. ही व्यवस्था इतकी यशस्वी ठरली की ज्ञात कीटकजातींपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जाती आज याच पायरीवर आहेत.

त्यांचे चार मोठे गण आहेत. भुंगेऱ्यांच्या कोलिऑप्टेरा गणात साडेतीन लाखांहून अधिक जाती असून त्यांचे पुढचे पंख कठीण ढालीसारखे असतात. काजवा आणि धान्यातील सोंडकिडा हे याच गणातले. फुलपाखरे व पतंग यांच्या लेपिडोप्टेरा गणाच्या पंखांवर सूक्ष्म खवले असतात. बोटांना लागणारी रंगीत भुकटी ती हीच. माश्या व डास यांच्या डिप्टेरा गणात मागच्या पंखांच्या जागी केवळ दोन गुंड्या उरल्या असून त्या उडताना तोल सांभाळतात. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्या हायमेनॉप्टेरा गणात पुढचे आणि मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकविलेले असतात. यांची नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप आहे. म्हणून नांगी मारते ती केवळ मादी.

या पायऱ्या उच्चनीचतेच्या आहेत, असे मात्र कोणी समजू नये. चौथी पायरी येऊन सुमारे ३५ कोटी वर्षे लोटली, तरी पहिल्या पायरीवरची कसर आपल्या पुस्तकांत सुखाने नांदतच आहे.

या ज्ञानाचा उपयोग

टोळाच्या पिल्लांना पंख नसतात. ती थव्याने जमिनीवरून उड्या मारीत जातात; म्हणून त्यांचा बंदोबस्त याच अवस्थेत करणे श्रेयस्कर असते. एकदा पंख फुटले की टोळधाड सीमा जुमानीत नाही. मे २०२० मध्ये राजस्थानात उतरलेले थवे मध्य प्रदेश ओलांडून विदर्भापर्यंत पोचले होते. भारतात टोळांविषयी पूर्वसूचना देणारी संघटना १९३९ सालीच स्थापन झाली, ती याच कारणाने.

डासाची गोष्ट निराळी आहे. रोनाल्ड रॉस याला सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूंची वाढ आढळली. परंतु डास मारीत बसण्याने हिवताप आटोक्यात येत नाही; कारण डासाची अळी साठलेल्या पाण्यात वाढते. ते पाणी नाहीसे करणे हाच मूळ उपाय होय.

कापसावरील गुलाबी बोंडअळी ही एका पतंगाची अळी असून ती बोंडाच्या आत शिरून बसते. वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचणे कठीण असते. म्हणून हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून नष्ट करण्यास इतके महत्त्व आहे. उलट मावा पानाच्या बाहेरच असतो. पण तो पान कुरतडीत नाही, आतील रस शोषतो. पानाच्या पृष्ठभागावर टाकलेले पोटविष पाने खाणाऱ्या अळीला मारते, माव्याच्या पोटात ते जातच नाही. आणि त्याच माव्याचा गणबंधू असलेला लाखेचा किडा पळस, बोर व कुसुंब या झाडांवर राळ निर्माण करून छोटा नागपूरच्या अनेक आदिवासी कुटुंबांना उत्पन्न मिळवून देतो!

यास्तव शेतात अथवा घरात अनोळखी कीटक आढळल्यास त्याला चिरडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. त्याचे पंख कसे आहेत? त्याचे मुख चावणारे आहे की शोषणारे? आणि त्याचे पिल्लू कोठे वाढते? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्याचा गण बहुधा ओळखता येतो. तिसऱ्याच्या उत्तरावरून त्याला कोठे गाठावयाचे अथवा कोठे जपावयाचे, हे ठरते.