इंग्रजीतील तमभाव आणि उपपदे : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रास्ताविक :

मराठी माध्यमातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यास इंग्रजी विशेषणांच्या तीन अवस्था तोंडपाठ असतात. ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ ही साखळी तो न अडखळता म्हणतो आणि वाक्यरूपांतराचे गुणही बहुधा मिळवितो. तोच विद्यार्थी पुढे नोकरीच्या अर्जात ‘आय अ‍ॅम वन ऑफ द बेस्ट स्टुडंट’ असे लिहितो. हा दोष केवळ निष्काळजीपणाचा नसून त्यामागे दोन भाषांच्या रचनेतील भेद उभा आहे. प्रस्तुत लेखात तमभाव आणि उपपद यांच्या परस्परसंबंधाचा या दृष्टीने विचार केला आहे.

मराठीतील स्थिती :

मराठीत तमभावासाठी विशेषणाचे रूप बदलत नाही. ‘कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे’ या वाक्यात ‘उंच’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. अतिशयाचा सर्व भार ‘सर्वांत’ या शब्दावर पडतो. संस्कृतातून आलेल्या ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ या शब्दांत मात्र ‘इष्ठ’ हा तमभावाचा प्रत्यय आहे आणि तो इंग्रजी ‘एस्ट’चा सगोत्र आहे. मराठी भाषकास तो आता जाणवत नाही, म्हणूनच ‘सर्वांत ज्येष्ठ’, ‘सर्वश्रेष्ठ’ असे प्रयोग आपल्याला खटकत नाहीत. ‘मोस्ट बेस्ट’ किंवा ‘मोस्ट टॉलेस्ट’ लिहिणारा विद्यार्थी हीच सवय इंग्रजीत नेत असतो. (शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी रूपे इंग्रजीतही प्रचलित होती, आजच्या प्रमाण इंग्रजीस ती मान्य नाहीत.)

‘द’ कोणाचा?

‘तमभावापूर्वी द लावावा’ हा वर्गात सांगितला जाणारा नियम अर्धवट आहे. ‘द’ हे उपपद विशेषणाचे नसून नामाचे असते. तमभाव एका समूहातून नेमकी वस्तू वेगळी काढतो. ती वस्तू अशा रीतीने निश्चित झाल्यामुळे नामास निश्चित उपपद लागते. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’ या वाक्यातील ‘द’ ‘पीक’शी बांधलेला आहे. हे एकदा ध्यानात आले की ज्यांना अपवाद म्हणून पाठ करावयास लावले जाते, ते प्रयोग अपवाद राहत नाहीत. ‘हर बेस्ट नॉव्हेल’ येथे नामाची निश्चिती ‘हर’ या शब्दानेच झाली आहे. ‘हर द बेस्ट’ म्हणणे अशक्य. ‘द लेक इज डीपेस्ट हिअर’ या वाक्यात तळ्याची तुलना इतर तळ्यांशी नसून त्याच तळ्याच्या निरनिराळ्या भागांशी आहे. समूहातून कोणतीही वस्तू निवडलेली नाही, म्हणून ‘द’ नाही. याउलट ‘धिस लेक इज द डीपेस्ट इन द डिस्ट्रिक्ट’ येथे नाम उच्चारलेले नसले तरी मनात आहे. ‘द टॉलर ऑफ द टू’ येथे तर तमभावही नाही. तरीही दोहोंतील एक निश्चित झाल्याने ‘द’ येतो.

‘अ मोस्ट इंटरेस्टिंग बुक’ हा प्रयोग पाहून विद्यार्थी गोंधळतात. येथील ‘मोस्ट’चा अर्थ ‘सर्वांत’ नसून ‘अत्यंत’ असा आहे. अत्यंत मनोरंजक पुस्तके पुष्कळ असू शकतात, म्हणून अनिश्चित उपपद योग्य ठरते. तसेच ‘मोस्ट स्टुडंट्स’ म्हणजे ‘बहुतेक विद्यार्थी’. तेथे ‘द’ घातल्यास ‘सर्वाधिक विद्यार्थी’ असा वेगळाच अर्थ होतो.

इंग्रजी ‘द’ हा जुन्या इंग्रजीतील दर्शक सर्वनामापासून, तर ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ हे ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून आले. त्यामुळे ‘एक राजा होता. तो राजा...’ या परिचित वळणावरून उपपदांची ओळख करून देता येते. तमभावाच्या वाक्यात मात्र ही युक्ती चालत नाही. ‘तो सर्वांत उंच मुलगा’ यातील ‘तो’ बोट दाखवितो, ‘द’ तसे करीत नाही.

‘वन ऑफ द’ :

या रचनेनंतर नाम अनेकवचनी हवे, हे विद्यार्थ्यास ठाऊक असते. तरी चूक घडते. त्याचे एक कारण असे संभवते की मराठीत ‘विद्यार्थी’, ‘शिक्षक’, ‘डोंगर’ अशा पुल्लिंगी नामांची दोन्ही वचनांतील सरळ रूपे सारखीच असतात. अनेकवचनाचा प्रत्यय दिसलाच पाहिजे, ही सवय कानास नसते. क्रियापद मात्र एकवचनी राहते : ‘वन ऑफ द ओल्डेस्ट कॉलेजेस इज’.

वाक्यरूपांतराचा प्रश्न :

आपल्याकडे हा भाग मुख्यतः रूपांतराच्या सरावातून शिकविला जातो. त्यात अर्थ कायम राहतो, असे गृहीत धरलेले असते. ते नेहमीच खरे नसते. ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई’ हे मूळ वाक्याशी समानार्थी आहे. परंतु ‘कळसूबाईपेक्षा उंच शिखर महाराष्ट्रात नाही’ या मराठी वळणाने ‘नो अदर पीक इज हायर’ असे लिहिले, तर काटेकोरपणे पाहता 1646 मीटर उंचीचे दुसरे शिखर असण्यास वाव उरतो. तीच गोष्ट ‘हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’ या वाक्याची. त्यातील ‘अदर’ गळला, तर कळसूबाई स्वतःहूनही उंच ठरते. हा शब्द गाळल्याबद्दल उत्तरपत्रिकेत गुण कापले जातात. तो का हवा, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.