भोंगा वाजल्यावर पालकांचें कर्तव्य

२०२५ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारच्या गृहखात्यानें देशांतील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत रंगीत तालीम घेण्याचा आदेश काढला, आणि ७ मे रोजीं मुंबई, पुणें व इतर अनेक शहरांत ती पार पडली. नागरिकांस व विद्यार्थ्यांस स्वसंरक्षणाचें शिक्षण देणें हें त्या आदेशांतील एक महत्त्वाचें कलम होतें. विद्यार्थ्यांना शाळा शिकवूं शकते. पण त्यांच्या आईबापांना कोणी शिकवावयाचें, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आणि संकटाच्या वेळीं शाळेची व्यवस्था टिकते कीं कोसळते, हें पुष्कळदां त्यावरच अवलंबून असतें.

तालमीचें तत्त्व साधें आहे. भीतीनें विचारशक्ति कुंठित होते. अशा वेळीं शरीर तेंच करतें, जें त्यानें पूर्वीं अनेकदां केलेलें असतें. म्हणून मुलांना दोन निरनिराळ्या गोष्टी शिकवाव्या लागतात. आग लागली तर दप्तर तेथेंच ठेवून, रांगेनें व लोटालोटी न करतां मोकळ्या मैदानांत जावयाचें. २००४ च्या जुलैंत तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेस लागलेल्या आगींत ९४ मुलें दगावलीं. बाहेर पडण्याची वाट मोकळी आणि पायाखालची असणें किती अगत्याचें आहे, तें यावरून ध्यानांत येईल. याच्या उलट, हवाई हल्ल्याचा इशारा झाला तर इमारतीच्या आंत, खिडक्यांपासून दूर थांबावयाचें. आवारांत कोणी हत्यारबंद इसम शिरला, तर वर्गाचें दार लावून अगदीं शांत राहावयाचें. भोंग्याचे दोन सूरही मुलांना ओळखतां आले पाहिजेत. चढउतार करीत वाजणारा सूर म्हणजे धोका. एकसारखा लांबणारा सूर म्हणजे धोका टळला.

मुलें हें लवकर शिकतात. अडचण येते ती फाटकापाशीं. इशारा ऐकतांच शाळेकडे धांव घ्यावी, असें कोणत्याही आईबापांना वाटणारच. परंतु शंभर पालक एकदम फाटकाशीं जमले म्हणजे आगीच्या बंबाला व रुग्णवाहिकेला वाट उरत नाहीं. बंद ठेवावयाचें फाटक उघडावें लागतें. एखादें मूल शिक्षकांच्या नकळत घरीं गेलें, तर हजेरी जुळत नाहीं, आणि सुखरूप असलेल्या त्या मुलाच्या शोधासाठीं कोणीतरी पुन्हा धोक्यांत शिरतो. दार लावून बसलेल्या वर्गांत काळजीपोटीं केलेला एखादा टेलिफोन खणखणला, तर मुलें कोठें आहेत याचा तोच सुगावा ठरतो.

या बाबतींत जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील कामाइशी शहराचा अनुभव बोलका आहे. १८९६ सालीं त्या किनाऱ्यावर आलेल्या त्सुनामीच्या लाटांनीं सुमारें बावीस हजार माणसें नेलीं. एकमेकांना शोधावयास मागें फिरल्यामुळें कुटुंबेंच्या कुटुंबें बुडाल्याची आठवण तेथें पिढ्यानुपिढ्या राहिली, आणि प्रत्येकानें आपापलें उंचावर पळावें, ही शिकवण रूढ झाली. ती निर्दयपणाची शिकवण नव्हे. दुसरा पळाला असेल असा भरंवसा असेल, तरच माणूस स्वतः पळूं शकतो. प्राध्यापक तोशिताका कातादा यांनीं २००४ पासून कामाइशींत हा भरंवसा जाणूनबुजून वाढविला. मुलें पळून जातील, तेव्हां पालकांनींही आपला जीव वाचवावा, असें घरीं सांगावयास ते मुलांना लावीत. ११ मार्च २०११ रोजीं मोठा भूकंप झाला, तेव्हां तेथील एका माध्यमिक शाळेचीं मुलें टेकडीकडे धांवलीं. शेजारच्या प्राथमिक शाळेचीं मुलें त्यांच्या मागोमाग निघालीं, आणि मोठ्यांनीं लहानांचे हात धरले. त्या शहरांत एक हजाराहून अधिक माणसें मरण पावलीं किंवा बेपत्ता झालीं. पण सुमारें तीन हजार शाळकरी मुलांपैकीं जवळजवळ सर्व वाचलीं.

लाट आली तर पळावयाचें, हल्ल्याचा इशारा झाला तर आंत थांबावयाचें. कृति निराळी, परंतु तिच्या मुळाशीं असलेला भरंवसा एकच. तो आधीं घरांत तयार व्हावा लागतो. मुलास न्यावयास कोण येईल, हें ठरवून त्यांचीं नांवें शाळेंत लेखी द्यावींत. घरचा पत्ता व एक टेलिफोनचा आंकडा मुलाकडून पाठ करून घ्यावा. तालीम असेल त्या दिवशीं ती तालीमच आहे, हें लहान मुलास सकाळींच सांगावें. भयंकर वर्णनें करूं नयेत. शिक्षक सांगतील तसें करावयाचें आणि धोका टळला कीं घरचें माणूस येईल, एवढें त्यास पुरतें. संध्याकाळीं ‘भीति वाटली का?’ असें न विचारतां ‘आज काय काय केलें?’ असें विचारावें, म्हणजे केलेल्या गोष्टींची उजळणी होते. आणि ज्या दिवशीं खरा प्रसंग येईल, त्या दिवशीं धोका टळल्याचा सूर ऐकूं येईपर्यंत पालकांनीं जेथें असतील तेथेंच सुरक्षित थांबावें. मुलाला दिलेला शब्द पाळावयाचा, तर नेणारें माणूसही वाचलें पाहिजे.