फ्यूज का गेला, ते सांगा

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत तिची नोंद झाली होती आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य 20 वर्षांचं धरलेलं आहे. निरोपाचे लेख भरभरून आले. पण खासगी मालकांच्या पद्मिनी अजून धावताहेत, आणि त्यांच्या मालकांकडून मी एकच तक्रार ऐकत होतो: इंजिन बांधणारा मिस्त्री अजून मिळतो, वायरिंग समजणारा मिळत नाही. एकदा शॉर्ट झाला की गाडी महिनोन्महिने उभी राहते. तो शॉर्ट शोधणारा माणूस काम करताना बघायचाच, असं ठरवून मी पुण्यात नाना पेठेच्या बाजूला गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार.

गाडीची कुंडली बहुतेकांना ठाऊक आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या. त्यातलं एक जुनं मॉडेल मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून लाडावलं. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली आणि 1974 पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण पद्मिनीची वायरिंगही आज पंचविशीच्या घरात आहे.

तारेवरचं प्लास्टिक इतकी वर्षं बॉनेटखालच्या उष्णतेत राहिलं की कडक होतं, वाकवलं की तडकतं. अशा गाडीत बॅटरी 12 व्होल्टची असते. तिचं एक टोक थेट बॉडीला जोडलेलं, त्यामुळे प्रत्येक दिव्याला एकच तार पुरते. करंट तारेतून जातो आणि पत्र्यातून परत येतो. या सोयीतच धोका आहे. सगळी बॉडी म्हणजे परतीची वाट असल्याने तांबं जिथे उघडं पडेल तिथे पत्रा त्याची वाट बघत असतो. ब्रेकचा 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. तीच तार बल्बाआधी पत्र्याला टेकली तर तिला अडवणारं काही उरत नाही आणि करंट कितीतरी पटीने वाढतो. तार तापते, प्लास्टिक वितळतं, शेजारच्या तारा चिकटतात. त्याआधी फ्यूज जावा, अशी योजना असते. पण जुन्या गाड्यांत प्रत्येक तार फ्यूजमधून जात नाही. डायनामोची चार्जिंगची आणि इग्निशनची तार बहुतेकदा थेट जाते. तिथे शॉर्ट झाला तर मध्ये थांबवणारं कुणी नाही.

ज्यांना भेटायला गेलो त्यांना सगळे काका म्हणतात. वय साठीच्या पुढे. दुकान म्हणजे एक शटर, समोर एका गाडीपुरती जागा, भिंतीला खिळ्यांवर रंगीत तारांची भेंडोळी. त्यांचं मुख्य हत्यार त्यांनी स्वतःच केलेलं आहे. इंडिकेटरचा एक होल्डर, त्यात 21 वॅटचा बल्ब, दोन तारा आणि टोकांना चिमटे. मल्टिमीटर आहे, पण तो कपाटात.

त्या दिवशी क्रीम रंगाची पद्मिनी आली होती. मालकांची तक्रार अशी, की ब्रेक लाइट आणि इंडिकेटरचा फ्यूज अधूनमधून जातो. दोन गॅरेज झाली, फ्लॅशर बदलला, स्विच बदलला. एकाने तर फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली होती. काकांनी ती चांदी आधी नखाने खरवडून काढली. हे फ्यूज चिनी मातीच्या छोट्या कांडीचे असतात, वरून उघडी पट्टी, पांढरी कांडी आठ अँपिअरची. जळालेला फ्यूज त्यांनी उजेडात धरला. ‘पट्टी टोकाला वितळली तर क्लिपचा गंज बघायचा. ही मधोमध उडालीय. करंट खरंच ओढला गेलाय.’

मग त्यांनी गाडीला हात न लावता प्रश्न विचारायला सुरुवात केली.

‘साहेब, एकटे असता तेव्हा जातो?’

मालकांनी आठवून पाहिलं. ‘नाही. ऑफिसला जाताना कधीच नाही गेला. रविवारी जातो.’

‘रविवारी मागे कोण बसतं?’

‘आई आणि मुलगी.’

‘आणि फ्यूज गेला तेव्हा तुमचा पाय कुठे होता?’

हा प्रश्न त्यांना आधीच्या दोन्ही गॅरेजमध्ये कुणी विचारला नव्हता. बराच विचार करून ते म्हणाले, ‘सिग्नलला थांबताना. ब्रेकवर.’

काकांनी डिकी उघडून ब्रेकचे दोन्ही बल्ब काढले. फ्यूज काढून त्या जागी आपला बल्ब चिमट्यांनी लावला. यातलं शास्त्र साधं आणि सुंदर आहे. फ्यूजच्या जागी बल्ब असल्यामुळे शॉर्ट असला तरी करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. तार जळत नाही आणि दोष कितीही वेळ जागेवर धरून ठेवता येतो. बल्ब लख्ख पेटला की शॉर्ट आहे, विझला की सुटला. मल्टिमीटर आकडा दाखवतो, पण गाडीखाली झोपलेल्या माणसाला तो दिसत नाही. बल्बाचा उजेड डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतो.

किल्ली फिरवली. बल्ब विझलेलाच. ‘ब्रेक दाबा.’ तरीही विझलेला. ब्रेकचे बल्ब काढलेले असल्याने करंटला जायला जागाच नव्हती. मग काकांनी हाताखालच्या पोराला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. तो बसला आणि बॉनेटपाशी बल्ब एकदम लख्ख झाला. ब्रेकवरचा पाय काढला, विझला. पुन्हा दाबला, पेटला. पोरगा उठला, विझला.

सीट उचलली. खालच्या पत्र्यावरून टेपात गुंडाळलेली एक तार डिकीकडे गेली होती. कंपनीची तार तिथून जात नाही. मूळ तार कधीतरी तुटली असणार आणि कुणीतरी जवळचा रस्ता म्हणून ही सीटखालून ओढली असणार. सीटच्या स्प्रिंगचं एक टोक नेमकं तिच्यावर येत होतं. टेप सोडली तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं दिसलं, आणि त्याखाली पत्र्यावर काळा ठिपका. माणूस बसला की स्प्रिंग तार दाबणार, आणि ब्रेक दाबला तरच तारेत करंट येणार. दोन्ही एकाच वेळी घडलं तरच फ्यूज जाणार. म्हणून रिकामी गाडी तपासणाऱ्या दोन्ही गॅरेजना काही सापडलं नाही.

काकांनी तिथे नुसती टेप मारली नाही. ती तार काढून टाकली आणि उंबऱ्याच्या पट्टीखालून, मूळ रस्त्याने, नवी ओढली. जिथे ती पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचं नवं ग्रोमेट बसवलं. नव्या तारेचा रंग जुन्या तारेशी जुळवून घेतला. ‘माझ्यानंतर जो उघडेल त्याला कळलं पाहिजे,’ ते म्हणाले. मला या माणसाबद्दल आदर वाटला तो या वाक्याने.

पण हे काम पुढे कोण करणार, या विचाराने बेचैनीही वाटली. पहिली अडचण गाडीतच आहे. पद्मिनीचा कंपनीचा वायरिंगचा नकाशा मिळवता येतो, पण चाळीस वर्षांत गाडीत टेप बसला, फॉग लॅम्प बसले, दोन हॉर्न आले, डायनामो जाऊन अल्टरनेटर आला. प्रत्येकाने हाताला आली त्या रंगाची तार वापरली. नकाशातली गाडी आणि दारातली गाडी या वेगळ्या झाल्या आहेत. त्यात आपला पावसाळा. सांध्यांत पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, अर्थ ढिला होतो. ढिला अर्थ शॉर्टसारखीच सोंगं आणतो. इंडिकेटर लावला तर टेल लॅम्प मिणमिणतो आणि माणूस भलत्याच तारेमागे लागतो.

दुसरी अडचण शिकणाऱ्यांची. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पोरं शिकून बाहेर पडतात. पण त्यांना नोकरी मिळते ती नव्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. तिथे स्कॅनर लावला की दोषाचा कोड मिळतो. ते कौशल्यही खरंच आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण पद्मिनीला स्कॅनर लावायला जागाच नाही. तिथे माणसाला प्रश्न विचारावे लागतात, दोष अर्ध्या-अर्ध्या भागात कोंडत न्यावा लागतो आणि घाई झाली तरी तार कापायचा मोह आवरावा लागतो. हे वस्तादाच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहूनच येतं. काकांकडे आज तो एकच पोरगा आहे, आणि तोही वर्षभरात शोरूममध्ये जाईन म्हणतो. त्याला दोष कसा द्यायचा?

कारण तिसरी अडचण पैशाची आहे, आणि माझ्या मते तीच मुळाशी आहे. आपण सुट्या भागाचे पैसे कुरकुर न करता देतो. शोधण्याचे देताना हात आखडतो. त्या दिवशी लागलं काय, तर काही मीटर तार, एक ग्रोमेट आणि एक फ्यूज. सामान शंभर-दोनशेचं आणि दिवस अख्खा गेला. मालक चांगले होते, सांगितले तेवढे दिले. पण काकांच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेक गिऱ्हाइकं म्हणतात, ‘एवढीशी तर तार बदललीत!’ मग गॅरेजवाल्यालाही स्विच बदलून बिल लावणं परवडतं, शोधणं परवडत नाही. चांदी गुंडाळणारा हात असाच तयार होतो, आणि त्या चांदीने गाडी पेटू शकते.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर एवढं करा. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा नको, चांदी तर नकोच. पुन्हा गेला तर गाडी बंद करा, बॅटरीची तार काढा, आणि त्या क्षणी काय काय चालू होतं, कोण कुठे बसलं होतं, पाय कुठे होता, ते लिहून ठेवा. आणि दोष शोधून देणाऱ्याला त्याच्या दिवसाचे पैसे पूर्ण द्या.