बुटाच्या खोक्यात परंडा

एक विषय, एक खोका आणि आत हाताने केलेल्या चार खुणा. अमेरिकी कलाकार जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) पेटीत वस्तू मांडून केलेल्या कलेसाठी ओळखला जातो. आपल्या पेटीचा विषय : धाराशिव जिल्ह्यातलं परंडा.

तट : किल्ला भुईकोट, दुहेरी तटबंदीचा, भोवती खंदक. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या उभ्या चिकटवा. मधली फट आणि बाहेरचा खंदक काळ्या कागदाचा.

तोफ : मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. पुढे ती परंड्याला आली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. लांबी सुमारे साडेचार मीटर. पन्नासाव्या हिश्शाने ९ सेंटिमीटरची तोफ शाडूची करा, मुखाशी वासलेला जबडा काडीने कोरा. सुकली की ओल्या शाडूच्या थरात दाबून काढून घ्या. पेटीत ठेवायचा तो नुसता ठसा. तोफ गेली, जागा राहिली.

बोरू : तालुक्यातल्या डोमगावला कल्याणस्वामींची समाधी आहे. समर्थ रामदासांच्या या शिष्याने दासबोध लिहून घेतला. खराट्याच्या काडीला तिरका छेद दिला की झाला बोरू.

कवडी : तुळजाभवानीचं तुळजापूर याच जिल्ह्यातलं, आणि कवड्यांची माळ ही तिच्या भक्तांची खूण. कवडी विकत आणू नका. शाडूचा हरभऱ्याएवढा गोळा चपटा करून सुईने दातेरी चीर पाडा.

जपा : शाडू सावलीतच वाळवा, उन्हात तडकतो. आणि पाचवी वस्तू घालायचा मोह टाळा. रिकामी जागाही बोलते.