जमिनीखालची नदी : ओमानचा जलवारसा

ओमान म्हटले की वाळूच्या टेकड्या आणि किल्ले डोळ्यांपुढे येतात. मला मात्र या देशाचे खरे नवल जमिनीखाली दडलेले वाटते. त्याचे नाव फलज.

उत्तर ओमानमधल्या हजर पर्वताचा मोठा भाग एके काळी समुद्राचा तळ होता. भूकवचाच्या हालचालींनी तो वर ढकलला गेला. त्यातले सर्वांत उंच शिखर, जबल शम्स, सुमारे ३,००० मीटर उंचीचे. या डोंगरांवर पडणारा थोडाफार पाऊस खडकांत मुरतो आणि पायथ्याच्या गाळात साठतो. तिथे पाणी लागेपर्यंत एक मूळ विहीर खणतात. तिच्यापासून गावाच्या दिशेने बोगदा काढतात. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवला की काही किलोमीटरांवर पाणी आपोआप उघड्यावर येते. गाळ काढण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी उभी विवरे असतात. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर पाहिलेल्यांना हे तंत्र ओळखीचे वाटेल.

ओमानमध्ये असे सुमारे ३,००० फलज आजही वाहतात. काही नुसते झऱ्यांचे किंवा ओढ्यांचे पाणी पाटाने आणतात. २००६ मध्ये त्यांपैकी पाच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. निझवाजवळचा फलज दारिस त्यांतलाच.

बोगद्याइतकीच त्याच्या पाण्याची वाटणी मला महत्त्वाची वाटते. पाणी गावात शिरताच आधी पिण्यासाठी घेतले जाते, मग मशीद आणि अंघोळीच्या जागा, त्यानंतर खजुराच्या बागा आणि शेवटी हंगामी पिके. शेतकऱ्याचा हिस्सा लिटरांत नव्हे, वेळेत मोजतात. पूर्वी दिवसा सावली आणि रात्री तारे हेच घड्याळ असे. काही पाळ्यांचा लिलाव होतो आणि ते पैसे डागडुजीला लागतात.

याच देशाची दुसरी नोंद मात्र पुसली गेली. अरबी ओरिक्स हा लांब शिंगांचा पांढरा कुरंग १९७२ मध्ये रानातून नाहीसा झाला होता. १९८२ मध्ये तो मध्य ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडण्यात आला आणि १९९४ मध्ये तिथले अभयारण्य वारसा यादीत आले. १९९६ मध्ये तिथे ४५० ओरिक्स होते. चोरट्या शिकारीने ते ६५ वर आले. तेल आणि वायूच्या शोधासाठी सरकारने अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवले. २००७ मध्ये युनेस्कोने ते यादीतून वगळले. यादीतून वगळलेले ते जगातले पहिले स्थळ.

म्हणजे यादीतले नाव कोणालाही तारत नाही. फलज टिकला तो गावाने रोज पाळी पाळली म्हणून. आज त्याला धोका आहे तो खालावणाऱ्या भूजलाचा. खोल विहिरीवर पंप बसवून कोणी एकट्यापुरते पाणी उपसू लागला की पातळी बोगद्याच्या खाली जाते आणि साऱ्या गावाचा पाट कोरडा पडतो. बोअरवेलच्या गावांत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.