एंजिनाचा वेग आणि मालमोटारीचे आयुष्य

बंगळूरहून मालाने भरून निघालेली मालमोटार म्हैसूरपर्यंत बहुतांशी पठारावरून धावते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे. तेथून हुणसूर व कुशालनगर मागे टाकून रस्ता कोडगूच्या डोंगरांत शिरतो, मडिकेरीपाशी अकराशे मीटरांहून अधिक उंची गाठतो आणि पुढे संपाजे घाटाने किनारपट्टीकडे उतरू लागतो. मैदान, चढ आणि उतार हे तिन्ही प्रकार ज्या एकाच रस्त्यावर भेटतात, तो रस्ता एंजिनाची चांगलीच परीक्षा घेतो.

अशा रस्त्यावर दहा-वीस गाड्या चालविणाऱ्या मालकापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. एंजिन दर मिनिटास २,५०० फेरे घेऊ शकत असेल, तर त्यास २,००० फेऱ्यांवरच रोखून धरावे काय? एंजिन अधिक टिकेल आणि डिझेल वाचेल, अशी मालकास आशा असते. चालकास मात्र वाटते की, आपल्या गाडीचे पाय बांधले गेले. चढावर ती दमणार आणि मुक्कामास उशीर होणार. उशीर झाला की बोल लागतो तो चालकासच. दोघांचेही म्हणणे निराधार नाही. कोणाचे कोठपर्यंत खरे, हे पाहण्यासाठी एंजिनात काय घडते ते प्रथम समजून घेतले पाहिजे.

शक्ती कशाने वाढते?

सिलिंडरात डिझेल जळते, त्याचा दाब दट्ट्यास खाली रेटतो आणि दट्ट्या भुजादंडास फिरवितो. या फिरविणाऱ्या जोरास कारखान्यात टॉर्क म्हणतात. आपण त्यास पीळ म्हणू. एंजिनाची शक्ती म्हणजे हा पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार होय. फेरे वाढले की शक्ती त्याच प्रमाणात वाढेल, असे यावरून वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पीळ सर्व वेगांस सारखा राहत नाही. मालमोटारीच्या डिझेल एंजिनात तो मध्यम वेगास सर्वांत अधिक असतो. वेग त्यापलीकडे गेला की सिलिंडरात हवा भरण्यास व इंधन पुरते जळण्यास अवधी कमी पडतो, आतील घर्षण वाढते आणि पीळ उतरू लागतो.

उदाहरणादाखल एक एंजिन कल्पू. दर मिनिटास १,६०० फेरे असताना त्याचा पीळ ७०० न्यूटन-मीटर आहे. २,००० फेऱ्यांस तो ६३०, तर २,५०० फेऱ्यांस ५२० आहे. गुणाकार केला असता शक्ती अनुक्रमे ११७, १३२ आणि १३६ किलोवॉट भरते. म्हणजे २,५०० वरून २,००० फेऱ्यांवर उतरल्याने वेगाचा पाचवा हिस्सा गेला. पण शक्ती अवघी तीन टक्के कमी झाली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वेगाची मर्यादा केवळ त्या वेगावरच लागू पडते. चढावर एंजिन १,४०० फेरे घेत ओढत असेल, तर २,००० फेऱ्यांची मर्यादा त्याच्या एका थेंब इंधनासही हात लावीत नाही. त्या क्षणी मर्यादा असलेली आणि नसलेली अशा दोन्ही गाड्यांचा जोर अगदी सारखा असतो.

शेवटच्या पाचशे फेऱ्यांची किंमत

आता जमेची बाजू पाहू. दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेस धाव घेतो. २,५०० फेऱ्यांच्या वेगास हे थांबणे दर मिनिटास पाच हजार वेळा घडते. दट्ट्याची धाव १२० मिलिमीटर धरली, तर वरच्या टोकाशी त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाचशे पटींहूनही अधिक होते. दोन किलो वजनाचा दट्ट्या तेथे संयोगदांड्यास एक टनाहून थोड्या अधिक वजनाइतक्या बलाने ताणतो. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग चार-पंचमांश केला की बल पंचवीसात सोळा इतके उरते. म्हणजे आपल्या उदाहरणातील ताण सुमारे ६७० किलो वजनाइतका होतो.

तीन टक्के शक्ती सोडून द्यावी आणि त्या बदल्यात जडत्वाचा ताण ३६ टक्क्यांनी कमी करून घ्यावा, असा हा सौदा आहे. संयोगदांड्याचे बोल्ट, बेअरिंगे, झडपांच्या स्प्रिंगा, पाण्याचा पंप आणि पट्टे या सर्वांस त्याचा लाभ मिळतो. दट्ट्याच्या कड्या सिलिंडरावर कमी अंतर घासतात. घर्षणात वाया जाणारी शक्ती घटल्याने, तेच ओझे त्याच रस्त्यावरून वरच्या गिअरमध्ये व कमी फेऱ्यांत नेले, तर डिझेलही कमी लागते.

वेगनियंत्रकाचे कार्य

फिरत्या यंत्राने आपला वेग आपणच सांभाळावा, ही कल्पना जुनी आहे. पवनचक्क्यांत वापरात असलेली फिरत्या गोळ्यांची युक्ती जेम्स वॉट याने १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनास लावली. अशा नियंत्रकांचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये मांडले. डिझेल एंजिनास तर या साधनावाचून गत्यंतरच नाही. त्यात हवा दर खेपेस पुरेपूर भरली जाते आणि वेग ठरतो तो केवळ इंधनावर. पूर्ण इंधन चालू असताना क्लच दाबून भार काढून घेतला आणि नियंत्रक नसला, तर एंजिन स्वतःस मोडून घेईपर्यंत धावत सुटेल.

जुन्या धाटणीच्या डिझेल पंपात दोन वजने आसाभोवती फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंगेस दाबतात आणि इंधनाचे माप ठरविणारी दातेरी पट्टी मागे सरकवितात. बंगळूरच्या ज्या कारखान्याने असे पंप भारतात घरोघरच्या मिस्त्रींच्या परिचयाचे केले, तो मायको कारखाना १९५१ मध्ये स्थापन झाला. आजच्या गाडीत हेच काम विद्युत्-साधने करतात. भुजादंडाजवळील संवेदक फेरे मोजतो आणि एक लहानसा संगणक प्रत्येक स्फोटासाठी किती डिझेल सोडावयाचे ते ठरवितो. यामुळे मर्यादेचा आकडा बदलणे सोपे झाले आहे. मात्र सोपे काम विचारपूर्वक होतेच, असे नाही.

दंतचक्रांचा हिशेब

मर्यादा घातली आणि बाकी सर्व पूर्ववत ठेवले, तर चालकाची तक्रार खरी ठरू शकते. एंजिन आणि चाक यांच्यामध्ये दंतचक्रे असतात. त्यांतील शेवटची जोडी, म्हणजे मिस्त्री जिला क्राऊन-पिनियन म्हणतात ती, मागील आसात बसविलेली असते. या आसांचे आणि म्हैसूरचे नाते जवळचे आहे. पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकन भागीदारासह १९८१ मध्ये स्थापन केलेला ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स हा मालमोटारींचे आस बनविणारा कारखाना याच शहराच्या हूटगळ्ळी औद्योगिक वसाहतीत आहे.

चाकाचा एक फेरा ३.२ मीटरांचा आणि आसाचे गुणोत्तर सहास एक असे धरू. सर्वांत वरच्या गिअरमध्ये एंजिन व आसाचा दांडा एकाच वेगाने फिरत असतील, तर ताशी ८० किलोमीटर जाण्यास एंजिनास २,५०० फेरे घ्यावे लागतात. मर्यादा २,००० ची असेल, तर गाडी ताशी ६४ किलोमीटरांवर थांबते. हेच गुणोत्तर पाचास एक केले, तर त्याच मर्यादेत ती ७६ किलोमीटरांच्या पुढे जाते. अर्थात् प्रत्येक गिअरमध्ये चाकावरील जोर एक-षष्ठांशाने घटतो आणि चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो. सपाट रस्त्याच्या फेऱ्यांस एक आस योग्य, तर घाटाच्या फेऱ्यांस दुसरा.

मर्यादा फार खाली आणणेही घातक ठरते. लागोपाठच्या दोन गिअरांत १.६ पटींचे अंतर असेल, तर २,००० फेऱ्यांवर गिअर बदलताच एंजिन १,२५० वर येते. तेथे त्याचा पीळ चांगला असतो. मर्यादा १,७०० केली, तर ते १,०६० वर घसरते. तेथे ते गुदमरते, धूर सोडते. मंद वेग आणि पूर्ण भार यांमुळे बेअरिंगांतील तेलाचा थरही पातळ होतो. एंजिन वाचविण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने एंजिनावरच उलटतो.

उतारावर नियंत्रक काय करू शकत नाही

मडिकेरी मागे पडून संपाजे घाट सुरू झाला की गोष्टच पालटते. नियंत्रक इंधन बंद करू शकतो, ब्रेक लावू शकत नाही. भरलेली गाडी उतारावर लोटली जाते, तेव्हा चाकेच एंजिनास फिरवितात. चालकाने भरवेगात खालचा गिअर टाकला, तर इंधनाचा थेंबही न जळता एंजिन आपली मर्यादा ओलांडून जाते. झडपांच्या स्प्रिंगा वेळेवर मिटत नाहीत आणि दट्ट्या झडपांवर आदळू शकतो. याउलट न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे सारा भार ब्रेकांवर टाकून ते तापवून निकामी करणे होय. उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर उतरवून एग्झॉस्ट ब्रेकचे साहाय्य घेणे, हा एकच सुरक्षित मार्ग आहे. तेथे गाडी आणि माणूस यांस सांभाळते ते चालकाचे शिक्षण.

एंजिनाची मर्यादा आणि कायद्याची मर्यादा

या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११८ व्या नियमात २०१५ मध्ये बदल झाला. तदनुसार १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या वाहतूक वाहनांस, काही अपवाद वगळता, ताशी ८० किलोमीटरांचा वेगरोधक आवश्यक झाला. डंपर, टँकर, शाळेच्या बसगाड्या व धोक्याचा माल नेणारी वाहने यांच्यासाठी ही मर्यादा ताशी ६० किलोमीटरांची ठरली. हा नियम रस्त्यावरील वेगासंबंधी आहे, एंजिनाच्या फेऱ्यांसंबंधी नव्हे. ताशी ४० किलोमीटर वेगातही चुकीच्या गिअरमध्ये एंजिन अतिवेगाने फिरू शकते.

रस्त्यावरील मर्यादेचाही एक तोटा आहे. ताशी ७६ किलोमीटर वेगाच्या गाडीस ८० च्या गाडीने मागे टाकावयाचे आणि त्यासाठी ६० मीटर अधिक कापावयाचे, तर ५४ सेकंद लागतात. तेवढ्यात रस्ता १,२०० मीटर सरतो. दुपदरी रस्त्यावर अशी ओलांडणी म्हणजे अपघातास आमंत्रण. मर्यादित वेगाच्या गाडीच्या चालकास थांबून राहण्याचा संयम शिकवावा लागतो. अर्थात्, उशिराबद्दल मालक त्यास रोज बोल लावीत असेल, तर हा संयम टिकणार नाही.

मालकाने काय करावे?

मर्यादा सरसकट लादण्यापूर्वी परीक्षा करावी. एकाच बनावटीच्या, सारख्याच वापरलेल्या गाड्या निवडाव्यात. निम्म्यांस मर्यादा घालावी व निम्म्या तशाच ठेवाव्यात. मार्ग व माल सारखा असावा. चालक ठराविक काळाने आलटून पालटून द्यावेत. नाहीतर चालकाच्या हाताचा गुण यंत्राच्या नावे जमा होईल. प्रत्येक गाडीच्या वहीत डिझेल, एंजिन-तेल, फेरीचा वेळ आणि दुरुस्ती यांची नोंद ठेवावी. डिझेलचा फरक काही महिन्यांत दिसू लागेल. बेअरिंगांचा व कड्यांचा फरक दिसण्यास वर्षे लागतील. पहिल्या महिन्याच्या आकड्यांवरून निर्णय करू नये.

शेवटी, मर्यादेचा आकडा ठरविताना एंजिन बनविणाऱ्याने दिलेला पीळाचा आलेख, गिअरांची अंतरे आणि आसाचे गुणोत्तर ही तिन्ही एकत्र मांडावीत. तो कागद चालकास दाखवावा आणि समजावून सांगावा. २,००० फेऱ्यांवरही चढावरचा जोर शाबूत आहे, गेली ती केवळ तीन टक्के शक्ती, हे ज्याने स्वतः पाहिले आहे, तो पंपाचे सील तोडून स्क्रू पिळण्यास सहसा जात नाही. आणि घाटाच्या माथ्यावर गिअर केव्हा उतरवावा, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही.