रुग्णाची संमती आणि डॉक्टरांचे कर्तव्य : एका न्यायनिर्णयाच्या आधारे विवेचन

प्रस्तावना :
रुग्णाचे हित साधणे हे डॉक्टरांचे कर्तव्य होय. परंतु स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार रुग्णाचाच असतो. ही दोन्ही तत्त्वे सर्वमान्य असली, तरी प्रत्यक्षात त्यांच्यात संघर्ष उद्भवतो. आपल्याकडे या संघर्षात कुटुंब हा तिसरा घटकही असतो. प्रस्तुत लेखात ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ या खटल्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

खटल्याची पार्श्वभूमी :
मे १९९५ मध्ये दिल्ली येथे ४४ वर्षे वयाची एक अविवाहित महिला मासिक पाळीतील दीर्घ रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली. लॅपरोस्कोपी करण्यास व गरज भासल्यास पोट उघडण्यास तिने लेखी संमती दिली. ती भुलीच्या अमलाखाली असताना बाहेर थांबलेल्या आईची संमती घेण्यात आली व तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकण्यात आले.

न्यायालयाची भूमिका :
१६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. निदानासाठी दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती ठरत नाही. रुग्ण सज्ञान व निर्णयक्षम असून केवळ भुलीमुळे तात्पुरती बेशुद्ध असेल, तर आईची संमती पुरेशी नाही. जीव वाचविण्यासाठी किंवा आरोग्य जपण्यासाठी आवश्यक असून विलंब करणे अवाजवी असेल, तरच अपवाद. डॉक्टरांचा हेतू प्रामाणिक होता, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही शस्त्रक्रियेचे शुल्क नाकारून २५,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजेच सद्हेतू हा संमतीला पर्याय होऊ शकत नाही.

तथापि, डॉक्टरांवर अवास्तव भारही टाकलेला नाही. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, मोठे धोके व उपचार नाकारल्यास होणारे परिणाम सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक दुर्मीळ धोका सांगणे आवश्यक नाही.

विवेचन :
वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत शस्त्रक्रियेपूर्वी कोणाची लेखी संमती घ्यावी, हे सांगताना पती किंवा पत्नीचा उल्लेख प्रथम येतो व स्वतः रुग्णाचा शेवटी. हा क्रम आपल्या समाजाच्या धारणेशी जुळणारा आहे. डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात, नातेवाईक सही करतात आणि ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हायची, तो बाजूला राहतो. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक घडते. कुटुंबाचा आधार मोलाचा आहे. परंतु आधार देणे आणि निर्णय घेणे या भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष :
रुग्णाची स्वायत्तता व डॉक्टरांचे कर्तव्य यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. रुग्णाला त्याच्या भाषेत, शस्त्रक्रियेपूर्वी पुरेसा वेळ देऊन समजावून सांगणे हाच डॉक्टरांच्या कर्तव्याचा भाग आहे. संभाव्य पुढील शस्त्रक्रियेची संमतीही आधीच घेता येते, हे याच निर्णयात नमूद आहे. वरील प्रकरणात असा संवाद आधी झाला असता, तर आईच्या सहीची गरजच पडली नसती. संमतिपत्र हे त्या संवादाची नोंद आहे. त्याला पर्याय नव्हे.